डाव्या हाताचं काम

तांबट लेनीत सकाळी रिक्षा थांबली.
उतरली ऊर्जिता गायधनी,
काखेत सुरळी, नखांत निळा रंग.
काका, मठारायचंय.
बंब की घागर?
म्हणाली, काहीच नाही.

काहीच नाही, चार फूट बाय तीन,
वीस गेजचा तांब्याचा पत्रा.
पत्रा सपाटच राहू दे, म्हणाली,
फक्त ठोके डाव्या हातानं घाला
आणि उजव्या कानात कापूस.

मग तिनं दुकानाच्या पायरीवर बसून
कुण्या परदेशी डॉक्टरचं मत सांगितलं,
ज्याला त्याच्याच लोकांनी वेड्यात काढलं होतं.
डोक्यात दोन खोल्या. एकीत आपण.
दुसरीत एक भाडेकरू, जन्मापासूनचा,
त्याला भाषा नाही,
आहे तो फक्त डावा हात.
मी विचारलं, भाडं कोण कोणाला देतं?
ती हसली नाही. वहीत लिहून घेतलं.

महात्मानगरला तिच्या घरी पत्रा दाखवायला गेलो
तर न्हाणीघरात टाकी, मिठाचं पाणी, वर झाकण.
त्यात ती तासभर तरंगते, अंधारात,
आणि ओल्या केसांनीच येऊन रंगवते.
भिंतीवर आठ-दहा चित्रं.
एकात नुसता तपकिरी, पुराच्या गोदेसारखा,
एकात कोपऱ्यात पांढरं काही,
मला वाटलं कल्हईचा पहिला हात.
म्हणाली, ते जन्माआधीचं आहे.
मी चहा प्यायलो.
जन्मानंतरचंच इतकं आहे
की त्याआधी कुठे जायचं.

पहिल्या दिवशी पत्र्याला नुसते पोचे.
शेजारचा भास्कर लोहकरे म्हणाला,
काय रे, गाढवानं लाथा घातल्या का?
दुसऱ्या दिवशी अंगठा सुजला.

तिसऱ्या दिवशी, जेवण झाल्यावर,
लेनीतले बाकीचे हातोडे थांबलेले,
खरवईवर पत्रा सरकवला आणि
हात निघाला.
मी नाही काढला. निघाला.

मी डावखुरा होतो, हे कोणाला सांगितलं नव्हतं.
तिलाही नाही.
सहा वर्षांचा असताना बापानं
डावा मनगटापासून सुतळीनं बांधला, पाटाच्या खुराला.
राग नव्हता त्याचा.
एका हंड्यावर दोघं समोरासमोर बसायचे,
डावखुऱ्याचा हातोडा दुसऱ्याच्या हातोड्यात अडकतो,
ठोका चुकतो, भांडं वाया जातं.
धंद्याचा हिशेब होता तो.
दिवाळीपर्यंत सुतळी सुटली,
आणि मी उजवा झालो.
उजवा झालो, उजवलो, मुली उजवल्या.

गंगापूर रोडच्या दालनात तो पत्रा टांगला,
खाली चिठ्ठी: भाडेकरू, क्रमांक सात.
मी इस्त्रीचा सदरा घालून मागे उभा.
एक मनोविकारतज्ज्ञ आले होते, जाड भिंगाचे.
म्हणाले, ही दोन खोल्यांची गोष्ट धादांत खोटी.
मी मान डोलावली. असेलच खोटी.
एका द्राक्षबागायतदारानं विचारलं
हे फार्महाऊसच्या जिन्यात बसेल का.
पुण्याहून आलेली बाई बराच वेळ बघत राहिली,
मग माझ्याकडे वळली, हे काय आहे?
नऊ किलो एकशेतीस, मी म्हणालो.

खरंच, मला दुसरं काही दिसेना.
सुतळी दिसते का बघितलं, नव्हती.
बाप नव्हता. हंडा नव्हता.
फक्त खाली, तळहाताएवढ्या जागेत,
ठोके उजवीकडून डावीकडे निघालेले,
जवळ जवळ, एकसारखे,
जसे पन्नास वर्षं बसलेला कारागीर घालतो.
असा कारागीर आमच्या लेनीत
मला तरी माहीत नाही.

घरी येऊन बिल केलं.
तांबं, कोळसा, चिंच, हमाली,
मजुरी सहा दिवस.
तिसऱ्या दिवसाची दुपार
त्यात धरली नाही.